हागुरो पर्वताच्या पायथ्याचा शुकुबो : जपानी क्षेत्रोपाध्यांच्या घरचा मुक्काम

शाकाहारी आईवडिलांना घेऊन जपानमध्ये कोठे मुक्काम करावा असे कोणी विचारले, तर मी आता क्योतोचे नाव घेत नाही. मी यामागाता प्रांतातल्या हागुरो पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या तोगे या गावाचे नाव घेतो आणि तेथल्या एखाद्या शुकुबोत निदान दोन रात्री राहा असे सुचवतो. गेल्या जूनच्या मध्यास आम्ही तिघे, म्हणजे वाईहून आलेले आईबाबा आणि नोकरीनिमित्त नऊ वर्षे तोक्योत राहणारा मी, अशा एका शुकुबोत दोन रात्री राहिलो. घर एका कुटुंबाचे आहे आणि त्यांना गर्दी झेपणारी नाही, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. मात्र खाली लिहिलेले बहुतेक सारे गावातल्या इतर शुकुबोंनाही लागू पडते.

शुकुबो म्हणजे यात्रेकरूंना उतरवून घेणारे धर्मस्थान. कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्रातील मंदिरांमधले शुकुबो प्रसिद्ध आहेत आणि परदेशी पाहुण्यांना सरावलेलेही आहेत. तोगेमधले शुकुबो त्यांहून वेगळ्या घडणीचे आहेत. हागुरो, गास्सान आणि युदोनो या तीन पर्वतांना मिळून देवा सानझान, म्हणजे देवा प्रांताचे तीन पर्वत, असे म्हणतात. ही डोंगरात तप करणाऱ्या यामाबुशी साधकांची भूमी आहे. राजपुत्र हाचिको याने ५९३ साली, तीन पायांच्या कावळ्याने वाट दाखवल्यावर, हे क्षेत्र स्थापन केले अशी परंपरा आहे. हागुरो या नावाचा अर्थच काळे पीस असा होतो. हागुरो वर्तमानाचा, गास्सान भूतकाळाचा आणि युदोनो भविष्याचा पर्वत मानला जातो. तिन्ही पर्वत फिरून आलेला माणूस मरून पुन्हा जन्मास आला असे समजतात, म्हणूनच यात्रेकरूचा पोशाख पांढरा, प्रेताच्या वस्त्रासारखा असतो.

या यात्रेकरूंना उतरवून घेणे, त्यांच्याकडून विधी करवून घेणे आणि त्यांना डोंगरावर नेणे हा तोगेतल्या घरांचा पिढीजात व्यवसाय आहे. एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) अशी तीनशेहून अधिक घरे होती, आज तीसच्या आसपास उरली आहेत. प्रत्येक घराचा एकेक मुलूख ठरलेला असे आणि त्याला कासुमी, म्हणजे धुके, असे सुंदर नाव आहे. कोणाचा मुलूख फुकुशिमाकडचा, कोणाचा चिबाकडचा. हिवाळ्यात घरधनी त्या गावांतून फिरून ताईत आणि प्रसाद वाटतात, आणि उन्हाळ्यात त्याच गावांतले लोक गटागटाने यांच्याकडे उतरतात. मी हे बाबांना समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मला अर्ध्यावर थांबवून म्हटले, "म्हणजे हे क्षेत्रोपाध्ये झाले. आपले नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला आहेत तसे." या एका वाक्याने पुढचे दोन दिवस सोपे झाले. शुकुबोला हॉटेल समजून गेले की पदोपदी काहीतरी खटकते. उपाध्यांच्या घरी उतरलो आहोत असे समजले की त्याच गोष्टी जागच्या जागी वाटू लागतात.

घराच्या दर्शनी छपराखाली गवताचा एक जाडजूड दोर टांगलेला होता. दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री येथे शोरेइसाई हा उत्सव होतो. त्यात पिकांवर आणि माणसांवर रोगराई आणणाऱ्या कीटकाची गवताची प्रतिमा जाळतात आणि तिला बांधलेला दोर घराला संरक्षण म्हणून वर्षभर दारावर मिरवतात. आमच्या यजमानांनी आत घेण्यापूर्वी त्या दोराचीच हकिकत सांगितली. आत लांब ओसरी, मग तातामीच्या, म्हणजे गवती चटया अंथरलेल्या, खोल्या आणि सर्वांत आत देवघर होते. येथील देवघरात शिंतो आणि बौद्ध या दोन्ही परंपरांच्या खुणा शेजारी शेजारी दिसतात, याला इतिहास आहे. १८६८ साली सरकारने शिंतो आणि बौद्ध उपासना वेगळ्या करण्याचा हुकूम काढला, हागुरोचे शिखर शिंतो देवस्थान ठरले आणि डोंगरावरच्या कितीतरी बौद्ध वास्तू नाहीशा झाल्या. पण शतकानुशतकांची एकत्र उपासना घराघरांतून मात्र गेली नाही.

आता जेवणाविषयी, कारण या परीक्षणाचे मुख्य कारण तेच आहे.

जपानमध्ये शाकाहारी माणसाची अडचण मांसापेक्षा दाशीमुळे होते. दाशी म्हणजे सूपाचे आणि रस्स्याचे मूळ पाणी, आणि ते बहुधा कात्सुओबुशी या सुकवलेल्या माशाच्या कापांपासून काढतात. भाजीचा पदार्थ मागवला तरी त्याच्या तळाशी मासा असतोच. शोजिन र्योरी या मठातल्या स्वयंपाकात दाशी कोंबू या समुद्री वनस्पतीपासून आणि सुकवलेल्या शिताके अळंब्यांपासून काढतात. शोजिन हा शब्द बौद्ध ग्रंथांतल्या ‘वीर्य’, म्हणजे साधनेतली चिकाटी, या संस्कृत शब्दाचे चिनी अक्षरांतले भाषांतर आहे. या स्वयंपाकात मांसमच्छीप्रमाणेच कांदा, लसूण आणि त्या वर्गातल्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. चातुर्मास पाळणाऱ्या आईला हे कळल्यावर तिने पुढे काही विचारलेच नाही. कंदमुळे न खाणाऱ्या जैन मित्रांना मात्र आधीच सांगून ठेवतो की मुळा, गोबो नावाचे लांब मूळ आणि रताळ्याच्या जातीचे कंद या ताटात हमखास असतात.

रात्रीचे जेवण पायांच्या तांबड्या लाखी चौरंगांवर आले. प्रत्येकाला दोन चौरंग, त्यांवर वाट्या, आणि मधोमध गोमादोफू. याचे नाव तोफू असले तरी त्यात सोयाबीन नसते. तीळ वाटून, गाळून, ते दूध कुझू नावाच्या वेलीच्या मुळापासून काढलेल्या सत्त्वाबरोबर मंद आचेवर सतत घोटत शिजवतात आणि थंड करून त्याच्या वड्या पाडतात. कोयासानला हा पदार्थ सोया सॉस आणि वासाबी यांच्यासह वाढतात. हागुरोला त्यावर किंचित गोड, किंचित खारट असा दाट, पारदर्शक रस ओततात. आईने पहिल्याच घासाला "हे तवकिरीसारखे घोटलेले आहे" असे ओळखले. वडी चमच्याने तुटत होती पण ताटलीत सांडत नव्हती, आणि तिळाचा वास सौम्य असूनही शेवटपर्यंत टिकत होता. तोक्योतल्या दोन महागड्या उपाहारगृहांत मी गोमादोफू खाल्ला आहे. या घरच्या गोमादोफूपुढे तो मला पिठूळ वाटतो.

खरा मान मात्र रानभाज्यांचा. जून हा गास्सानदाके या कोवळ्या, बोटाएवढ्या जाड बांबूच्या कोंबांचा हंगाम आहे. गास्सानच्या उतारावर बर्फ मागे हटत जाते तसतसे हे कोंब वर येतात आणि गावातली माणसे पहाटे उठून ते काढायला जातात. आमच्यापुढे ते तीन प्रकारांनी आले: सालासकट निखाऱ्यावर भाजलेले, तळलेले आणि मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सूपात. भाजलेला कोंब सोलून नुसत्या मिठाबरोबर खावा. त्याच्या पेरांत मक्याच्या कोवळ्या कणसाची गोडी असते आणि कडवटपणा अगदी शेवटी, जिभेच्या मागे जाणवतो. त्याच्या जोडीला वाराबी आणि झेन्माई हे नेच्याचे दोन प्रकार, फुकीचे देठ, आणि मिन्देन या जवळच्या त्सुरुओका शहराच्या परिसरातल्या छोट्या गोल वांग्यांचे मोहरीतले लोणचे होते.

वाराबीवरून स्वयंपाकघरात जो संवाद झाला तो मला या मुक्कामातला सर्वांत मोलाचा वाटतो. हा नेचा कच्चा विषारी असतो. त्यावर लाकडाची राख पसरून उकळते पाणी ओततात, रात्रभर तसाच ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुन्हा धुऊन मग शिजवतात. आईचे माहेर अलिबागजवळचे आहे. पहिल्या पावसानंतर येणारी शेवळे तिने लहानपणापासून निवडली आहेत, आणि काकडाच्या फळांशिवाय त्यांची खाज मोडत नाही हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. तिने मला म्हटले, "अरे, विचार बरं त्यांना, राख कोणत्या लाकडाची घेतात?" यजमानीणबाईंनी चुलीजवळचा राखेचा डबा उघडून दाखवला, आणि मी दुभाष्याचे काम करत असताना दोघींचा अर्धा संवाद हातवाऱ्यांनीच पुढे गेला. अंगावर खाज आणणारी किंवा पोट बिघडवणारी वनस्पती खाण्याजोगी करून घेण्याचे ज्ञान ज्या घरात टिकून आहे, तेथे अन्नाकडे पाहण्याची दृष्टीच वेगळी असते, आणि ती ताटात दिसते. त्सुरुओका शहराला २०१४ साली युनेस्कोने पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली, जपानमधले असे ते पहिलेच शहर. त्या मान्यतेमागे या परिसरात पिढ्यान्पिढ्या बियाणे राखून जपलेल्या स्थानिक भाज्या आहेत. डोंगरउतारावर आपल्याकडच्या कुमरीसारखी रान जाळून केलेली शेती येथे अजून होते, आणि तिच्यावर पिकणाऱ्या आत्सुमी या तांबड्या सलगमाचे लोणचे हिवाळ्यात मिळते.

भाताविषयी एक परिच्छेद लिहिल्याशिवाय राहवत नाही. हागुरोच्या खाली पसरलेले शोनाई मैदान हा जपानच्या उत्तम तांदळाचा प्रदेश आहे. याच भागात १८९३ साली आबे कामेजी या शेतकऱ्याला थंडीने आडव्या झालेल्या पिकात तीन लोंब्या उभ्या दिसल्या. त्यांतून त्याने कामेनोओ हे वाण वाढवले, आणि आज जपानभर खाल्ल्या जाणाऱ्या कोशिहिकारीच्या पूर्वजांत त्याची गणना होते. आमच्या ताटात २०१० साली बाजारात आलेला त्सुयाहिमे होता. इंद्रायणीच्या मऊ, चिकट भाताची सवय असलेल्या बाबांनी तो तीनदा मागून घेतला आणि शेवटचा भात नुसताच खाल्ला.

पहाटे साडेसहाला देवघरात प्रार्थना होते. सक्ती नाही, पण चुकवू नये. यजमान पांढऱ्या वेषात आले, त्यांनी प्रथम शंख फुंकला आणि मग आम्हांला गळ्यात घालायला कागदी वेणीची माळ दिली. यामाबुशींचा शंख आपल्या देवळातल्या शंखापेक्षा लांबट असतो आणि त्याचा नाद डोंगरात दूरवर जावा म्हणून चढउतार देऊन वाजवतात. प्रार्थनेनंतर त्यांनी आम्हांला उकेतामो हा शब्द शिकवला. डोंगरात गुरू जे सांगेल त्याला यामाबुशीने द्यायचे उत्तर एवढेच: स्वीकारले. त्यांनी "आज चढण आहे" असे म्हटले आणि आईने मोठ्याने उकेतामो म्हटले, तेव्हा ते मनापासून हसले.

चढण २,४४६ दगडी पायऱ्यांची आहे. झुइशिनमोन या दारातून आत गेल्यावर वाट प्रथम खाली उतरते, तांबड्या पुलावरून ओढा ओलांडते आणि सुगी या देवदारासारख्या उंच वृक्षांच्या रांगांत शिरते. त्यांतला हजार वर्षांहून जुना मानलेला वृक्ष आजोबा सुगी म्हणून ओळखला जातो. त्याच्या शेजारची आजी वादळात पडली. त्याच्या पुढेच पाच मजली पॅगोडा उभा आहे. उंची २९ मीटर, रंगाचा एक थेंब नाही, आणि आजची वास्तू सहाशे वर्षांहून जुनी. राखाडी पडलेले लाकूड आणि भोवतालचे बुंधे यांत फरक इतका कमी आहे की पहिल्या नजरेत तो झाडांच्या ओळीतलाच एक वाटतो. बाबांनी येथवर येऊन परत फिरणे आणि बसने शिखरावर जाणे पसंत केले. गुडघे दुखणाऱ्यांना ही सोय चांगली आहे. आई आणि मी पुढे चढलो. अर्ध्या वाटेवरच्या चहाच्या दुकानात सोयाबीनच्या भाजलेल्या पिठात घोळवलेले मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, मिळतात आणि तेथून शोनाईची भाताची खाचरे समुद्रापर्यंत दिसतात. जेजुरीचा गड अनेकदा चढलेल्या आईला या वाटेला सव्वा तास लागला.

शिखरावरच्या मुख्य मंदिरात तिन्ही पर्वतांचे देव एकत्र आहेत, कारण गास्सान आणि युदोनो वर्षाचा मोठा भाग बर्फाखाली असतात. १८१८ साली बांधलेल्या या मंदिराच्या छपरावर २.१ मीटर जाडीचे गवत आहे. यजमान स्वतः बरोबर आले होते, आणि ते नसते तर समोरच्या तळ्यातून पाचशेहून अधिक जुने धातूचे आरसे निघाले, लोक ते देवाला वाहत असत, हे आम्हांला कळलेच नसते. हे मार्गदर्शन मुक्कामाच्या दरात आपोआप येत नाही. आरक्षणाच्या वेळीच विनंती करावी आणि वेगळी दक्षिणा विचारून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीने युदोनोला गेलो. तेथे अनवाणी जायचे असते, छायाचित्र काढायचे नसते, आणि जे पाहिले ते कोणाला सांगायचे नाही, कोणी सांगू लागले तर विचारायचे नाही, असा जुना दंडक आहे. मी तो पाळतो.

आता अडचणी, आणि त्या कमी नाहीत. अनेक घरांचे आरक्षण फोनवर आणि जपानीतच होते. भाषा येत नसेल तर त्सुरुओकाच्या पर्यटन केंद्राची मदत घ्यावी. पैसे रोख द्यावे लागले. खोल्यांमध्ये भिंतींऐवजी कागदी सरकते पडदे होते, कुलूप नव्हते, आणि शेजारच्या खोलीतले घोरणे स्पष्ट ऐकू येत होते. स्नानगृह सामाईक होते. आईला त्याचा संकोच वाटला, तेव्हा यजमानीणबाईंनी तिच्यासाठी वेगळी वेळ राखून दिली. पण ही त्यांची आपुलकी होती, तो सर्वत्र नियम असेलच असे नाही. जेवण जमिनीवर बसून होते. बाबांना बुटकी खुर्ची मिळाली, तीही आम्ही आधी सांगितले होते म्हणून. जूनमध्येही रात्री दोन जाड रजया लागल्या, त्यामुळे थंडीत येणाऱ्यांनी गरम कपड्यांत काटकसर करू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना माशाविषयी आहे. तोगेतले सगळे शुकुबो काटेकोर शोजिन वाढतात असे समजू नये. चार वर्षांपूर्वी मी एकटा या भागात आलो होतो तेव्हा दुसऱ्या एका घरी, आरक्षणात शाकाहारी असे सांगूनही, ताटात भाजलेला मासा आणि सूपात कात्सुओची दाशी आली होती. जपानीत शाकाहारी या शब्दाचा अर्थ बहुतेकांना भाज्या जास्त खाणारा इतकाच वाटतो. म्हणून मांस नको, मासा नको, कात्सुओची दाशी नको, अंडे नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे, आणि आगमनाच्या आदल्या दिवशी पुन्हा आठवण करावी. या वेळी आम्ही तसे केले आणि दोन्ही दिवसांत एकही चूक झाली नाही.

दोन जेवणांसह माणशी एका रात्रीचे १२,००० येन दिले. तोक्योतल्या साध्या हॉटेलात न्याहारीशिवाय जवळपास इतकेच लागतात, त्यामुळे हा दर मला अगदी वाजवी वाटतो. तोक्योहून नीगातापर्यंत शिंकानसेनने दोन तास लागतात. तेथे त्याच फलाटावर समोर उभी असलेली इनाहो गाडी पकडली की पावणेदोन-दोन तासांत त्सुरुओका येते. डाव्या खिडकीची जागा मागून घ्यावी, कारण मुराकामीच्या पुढे रूळ जपानी समुद्राला अगदी खेटून जातात. त्सुरुओकाहून हागुरोची बस सुमारे चाळीस मिनिटांची आहे, पण फेऱ्या थोड्या आहेत, म्हणून दुपारी उशिरा पोहोचणे टाळावे. गास्सान चढायचा असेल तर जुलै ते सप्टेंबर हाच काळ आहे. अळंबी आणि खाण्याची शेवंती हवी असेल तर ऑक्टोबर चांगला.

निघण्याच्या सकाळी यजमानांनी एक जाड वही काढली. तिच्यात त्यांच्या आजोबांच्या काळापासून उतरलेल्या पाहुण्यांची गावे आणि नावे होती, आणि बहुतेक पाने फुकुशिमाकडच्या दोन-तीन गावांचीच होती. बाबांनी तिच्यात देवनागरीत तिघांची नावे, मुक्काम वाई, जिल्हा सातारा असे लिहिले, आणि त्र्यंबकेश्वरच्या वहीत आपल्या पणजोबांची सही पाहिल्याचे यजमानांना सांगितले. यजमानांनी आमच्या नावांखाली जपानीत दोन ओळी लिहिल्या. त्या मी तेव्हा वाचल्या नाहीत. मागच्या आठवड्यात ऑक्टोबरसाठी आरक्षण करायला फोन केला. नाव सांगताच पलीकडे पाने उलटल्याचा आवाज आला, आणि मी यादी सुरू करण्याआधीच त्यांनी ती मला वाचून दाखवली: मांस नाही, मासा नाही, कात्सुओ नाही, अंडे नाही, कांदा-लसूण नाही, वडिलांना खुर्ची, आईंना स्नानाची वेगळी वेळ.